एकास एक

'बफर' हा शब्द बीड जिल्ह्यात तीन वाटांनी आला. पहिली वाट लग्नाची. पंगती उठल्या, हातात ताट घेऊन उभ्याने जेवायची पद्धत आली, तेव्हा 'बुफे'चा आमच्याकडे आधी 'बफे' झाला आणि काही घरांत थेट 'बफर'. "पंगत हाय का बफर हाय?" हा प्रश्न लग्नपत्रिका हातात पडताच विचारला जातो आणि उत्तर 'बफर' आलं, की जुनी मंडळी घरूनच जेवून निघतात. दुसरी वाट साखरेची. ज्या जिल्ह्यातली लाखो माणसं दर हिवाळ्यात ऊस तोडायला घराबाहेर पडतात, त्या जिल्ह्यात पेपरातला साखरेचा 'बफर स्टॉक' पानटपरीवरही चर्चेला येतो. तिसरी वाट रेल्वेची. दोन डबे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांच्या तोंडाला जे लोखंडी तवे लावलेले असतात, ते बफर. ह्या वाटेने यायला मात्र त्याला फार उशीर झाला, कारण बीड शहरात पहिली आगगाडी आली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोपर्यंत आम्ही एकमेकांवर बफरशिवायच आदळत होतो.

चौथ्या वाटेने हा शब्द थेट माझ्या घरात आला आणि तीन महिने मुक्काम ठोकून राहिला. आणणारा माझा भाचा.

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, इलेक्ट्रॉनिक्सला. अंबाजोगाईत कॉलेज, अंबाजोगाईतच मामा. तेव्हा खोलीचं भाडं वाचवण्याचा मार्ग त्याला परीक्षेत न विचारताही सुचला. एका संध्याकाळी मी बँकेतून आलो तर डायनिंग टेबलावर सोल्डरिंगची बंदूक, तारांची भेंडोळी आणि धण्याएवढ्या वस्तूंनी भरलेल्या पुड्या.

"हे काय रे?"

"प्रोजेक्ट हाय मामा. वाइडबँड हाय-इम्पीडन्स बफर ॲम्प्लिफायर."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या वेळी प्रोजेक्ट म्हणजे कर्ज बुडवण्याची पूर्वतयारी. तरी मी चेहऱ्यावर समजल्याचा भाव आणला. ही कला काउंटरवर वीस वर्षं बसल्यावर कुणालाही येते. मग मी त्याच्या पुस्तकात डोकावलो. ते हिंदी होतं आणि त्यात इम्पीडन्सला 'प्रतिबाधा' म्हटलं होतं. मराठीत त्याला 'संरोध' म्हणतात, हे मला मागाहून कळलं. पण तोवर 'उच्च प्रतिबाधा' हे शब्द मी मोठ्याने वाचले होते आणि ते स्वयंपाकघरापर्यंत गेले होते. आमची ही तवा खाली उतरवून बाहेर आली.

"कुणाला बाधा झालीय?"

"ॲम्प्लिफायरला," मी म्हणालो.

तिने भाच्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि त्या रात्री त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या.

तर हे बफर प्रकरण काय आहे, ते मला जसं समजलं तसं सांगतो. इंजिनिअर मंडळींनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं. आम्हा कारकुनांना मात्र तो समजेल, कारण त्यात फक्त भागाकार आहे.

भाच्याला हवी होती एक मीटर लांबीची काठी, जी आकाशातल्या सगळ्या रेडिओ लहरी पकडेल. तीनशे किलोहर्ट्झपासून तीस मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे मध्यम लहरी आणि जवळजवळ सगळ्या लघु लहरी. काठी लहरी पकडते. अडचण पुढे आहे. एवढीशी काठी म्हणजे फार अशक्त जीव. खालच्या टोकाला, तीनशे किलोहर्ट्झवर, तिचा संरोध त्रेपन्न हजार ओहमच्या आसपास. आणि ती ज्या रेडिओला जोडायची त्याचा फक्त पन्नास.

"मग?" मी म्हणालो.

"मग रेडिओ तिच्याकडून करंट मागतंय आणि तिच्यात द्यायचं बळच नसतंय. भागाकार करा. त्रेपन्न हजारात पन्नास."

मी केला. हजारातला एक भाग रेडिओला पोचतो, बाकीचे नऊशे नव्व्याण्णव वाटेतच. एवढी गळती मी सरकारी योजनेतही पाहिलेली नाही.

"आणि वरच्या टोकाला? तीस मेगाहर्ट्झला?"

"तिथं काठीचा संरोध पाचशे तीस. पोचतो दहावा हिस्सा."

हे ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला. म्हणजे वरच्या पट्टीत बोलणाऱ्यांचं दहा टक्के ऐकलं जातं आणि खालच्या पट्टीत बोलणाऱ्याचा हजारावा भाग! काठी तीच, रेडिओ तोच, पक्षपात कुणी मुद्दाम केलेला नाही, तरी हा असा. मला आमच्या शाखेची आठवण आली.

काउंटरवर निराधार योजनेचे पैसे घ्यायला म्हाताऱ्या बाया येतात. जन्मभर कोयता धरून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे अंगठा मशीनला उमटत नाही. आजी काचेच्या भोकापाशी तोंड आणून काहीतरी बोलते. आवाज त्रेपन्न हजार ओहमवरून येणारा. समोरून कुणी नुसतं "काय पायजे?" म्हणून खेकसलं, की तेवढ्या ओढीने तिचं व्होल्टेज शून्यावर. "काय नाय बाबा," म्हणून ती बाकावर जाऊन बसते. उलट एखादा गुत्तेदार येतो. त्याच्यावर खेकसा, चहा पाजू नका, खुर्ची देऊ नका. त्याचं नव्वद टक्के वाया गेलं तरी उरलेल्या दहा टक्क्यांत मॅनेजर केबिनबाहेर येतात.

"ह्याच्यावर उपाय?" मी विचारलं.

"तोच तर बफर, मामा. काठीच्या बुडाशीच बसवायचा. तो काठीकडून जवळजवळ काही घेत नाही. नुसतं ऐकतो. आणि पुढं रेडिओला तेच दणकून सांगतो."

"म्हणजे वाढवून?"

"न्हाई. वाढ एक."

"एक काय? एक पट?"

"एक व्होल्ट आला तर एक व्होल्ट बाहेर. खरं तर एकाहून जरा कमीच."

मी थोडा वेळ काही बोललो नाही. पगारवाढीच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं पाहिलेल्या माणसाला 'वाढ एकाहून कमी' ही संकल्पना नवी नसते. पण तीन महिने खपून, एवढा शिशा-कथलाचा धूर करून, जे यंत्र आलेली गोष्ट आहे तेवढीच पुढे देणार, त्याला ॲम्प्लिफायर कशाला म्हणायचं? भाचा म्हणाला, व्होल्टेज वाढत नाही, बळ वाढतं. अशक्ताचं म्हणणं तो सशक्ताच्या ताकदीने मांडतो, पण म्हणणं अशक्ताचंच.

हे काम तो ज्या वस्तूकडून करवून घेतो ती म्हणजे फेट. तीन पायांची, हरभऱ्याएवढी. तिच्या एका पायावर सिग्नल आला, की दुसरा पाय त्याच्याबरोबर वर जातो, त्याच्याबरोबर खाली येतो. ह्या जोडणीला 'सोर्स फॉलोअर' म्हणतात. फॉलोअर म्हणजे मागोमाग चालणारा. लग्नाच्या बस्त्याला बायकोमागे पिशव्या घेऊन चाललेला कुठलाही नवरा आठवा. ती थांबली की थांबतो, वळली की वळतो, स्वतःचं मत शून्य. ही कल्पना व्हॉल्व्हच्या काळापासूनची. तेव्हा तिला 'कॅथोड फॉलोअर' म्हणत आणि १९३४ साली तिचं पेटंट मागणाऱ्यांत होते इंग्लंडचे ॲलन ब्लूमलाइन. आज आपण दोन कानांनी वेगवेगळं गाणं ऐकतो त्या स्टिरिओचं पेटंटही त्यांचंच, १९३१ सालचं. १९४२ च्या जूनमध्ये विमानातल्या रडारची चाचणी घेताना ते विमान कोसळलं आणि हा माणूस अडतिसाव्या वर्षी गेला. आणि फेटची कल्पना? ती ज्यूलियस लिलियनफेल्ड नावाच्या गृहस्थांनी १९२५ सालीच पेटंटसाठी लिहून दिली होती. पण त्या काळात तशी वस्तू बनवण्याइतकं शुद्ध साहित्यच नव्हतं. अर्ज आहे, मंजुरी आहे, प्रत्यक्षात काही नाही. अशा फायली आमच्याकडेही आहेत.

पण 'वाढ एक' हे माझ्या गळी उतरलं ते ह्या थोर माणसांमुळे नव्हे, गच्चीवरच्या ॲन्टेनामुळे.

भाच्याला काठी हवी होती. गच्चीत आमचा जुना दूरदर्शनचा ॲन्टेना अजून उभा होता. सध्या त्याच्यावर कावळे आणि उन्हाळ्यात कुरडयांवर घालायच्या साडीचं एक टोक. त्याचीच एक ॲल्युमिनियमची दांडी त्याने कापून घेतली आणि ती खाली येताना माझं सगळं बालपण सोबत घेऊन आली.

१९८७ साली 'रामायण' सुरू झालं तेव्हा ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांना आठवत असेल: रविवारी सकाळी घरातली फौज तीन ठिकाणी विभागलेली असे. एक गच्चीवर, ॲन्टेना धरून. बाकी सगळे आत, टीव्हीपुढे. आणि एक जण मधे, अंगणात. गच्चीवरचा मी. आतून हुकूम देणारे वडील. आणि अंगणात माझी थोरली बहीण, ताई; ह्याच भाच्याची आई. वडलांचा आवाज भिंतीमुळे गच्चीपर्यंत येत नसे आणि माझा आत जात नसे. ताई दोघांनाही ऐकू येई.

आतून: "त्या गाढवाला म्हणावं, जरा उजवीकडं फिरव."

ताई वर तोंड करून: "बाबा म्हणतात, गाढवा, जरा उजवीकडं फिरव."

मी: "त्यांना म्हणावं, हात भाजायलेत, लवकर सांगा."

ताई आत तोंड करून: "तो म्हणतो, हात भाजायलेत, लवकर सांगा."

तिने कधी 'गाढव' गाळलं नाही, कधी पदरचं 'बैल' घातलं नाही. शेजारच्या घरात हेच काम त्यांचा मधला मुलगा करायचा, पण त्याला वाढ होती. आतून "जरा मुंग्या दिसायल्यात" एवढंच आलं, तर तो वर "सगळं गेलं! तू सगळं घालवलंस!" असं कळवायचा. त्या घरात रामाचा वनवास संपेपर्यंत दोन भावांत अबोला होता. आमच्या घरी भांडणं झाली नाहीत असं नाही. पण ती ज्याची त्याच्याशी झाली, ताईशी कुणाचंच नाही.

आमच्या जिल्ह्याला मधल्या माणसाचं महत्त्व नव्याने सांगायला नको. साखर कारखाना आणि कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, ह्यांच्या मधला मुकादम. हंगामाआधी उचल त्याच्या हातून येते, हिशेब त्याच्या हातून जातो. कुणी सचोटीचे असतात. पण कुणाच्या हातून काय काय गळतं, ते भाच्याच्या भाषेत सांगायचं तर इनपुट इम्पीडन्सवर अवलंबून. काहीच न घेणारा मधला माणूस निसर्गातही नाही. भाच्याच्या फेटने देखील काठीकडचा तिसरा हिस्सा घेतलाच. पण तो तीनशे किलोहर्ट्झवाल्याकडूनही तिसराच घेतो आणि तीस मेगाहर्ट्झवाल्याकडूनही तिसराच. 'वाइडबँड' ह्या भपकेदार शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. गरीब-श्रीमंतांना एकच दर. बँकेच्या भाषेत, समान सेवाशुल्क.

"पण मग हा काठीच्या बुडाशीच कशाला? खाली रेडिओशेजारी ठेव की, ऊन-पावसात कशाला?" माझा व्यवहारी प्रश्न.

"मामा, एक मीटर केबल म्हंजे शंभर पिकोफॅरड. गच्चीपासून खोलीपर्यंत दहा मीटर, म्हंजे हजार. आणि काठी बिचारी दहा पिकोफॅरडची. म्हंजे बफरपर्यंत येतायेताच शंभरातला एक भाग उरतो. उरलेला केबलच खाती."

म्हणजे साहेब तालुक्याला बसून चालत नाही. जिथे अशक्त माणूस आहे तिथे, त्याच्या उंबऱ्याशी जाऊन बसायला लागतं. हे त्याला पुस्तकात समजलं होतं, पण पटलं खोडदला. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद म्हणून गाव आहे. तिथे गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही मधोमध दाटीने आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती लोकांना पाहायला मिळते. भाचा मित्रांबरोबर नगर, आळेफाटा करत गेला आणि परत आला तो तीर्थयात्रा केल्यासारखा. एवढी अजस्र तबकडी, पण आकाशातून आलेला सूक्ष्म आवाज जिथे एकवटतो तिथे, त्या टोकावर, पहिला ॲम्प्लिफायर बसवलेला. नंतर काच-तंतूतून कितीही लांब न्या. आणि आधी तिथे एका वेळी बत्तीस मेगाहर्ट्झचाच पट्टा ऐकता येई, तो सुधारणा करून चारशेपर्यंत नेला. "त्यांचा बफर न्हाई, वेगळाय," भाचा प्रामाणिकपणे म्हणाला, "पण पहिला ऐकणारा जवळ पायजे, हे तेच."

मार्चमध्ये यंत्र तयार झालं. गच्चीत दांडी, तिच्या बुडाशी अगरबत्तीच्या पत्र्याच्या डब्यात बफर, खाली खोलीत बॅटरीवरचा रेडिओ. सुरू केलं आणि रेडिओतून आवाज आला तो मधमाश्यांच्या पोळ्याचा. बटण कुठेही फिरवा, पोळं तेच. आधी त्याला वाटलं बफर स्वतःच बडबडतोय. काही फेटना कुणी न विचारता स्वतःशी गुणगुणायची खोड असते. त्यावर उपाय म्हणून तिच्या पहिल्या पायाशी शंभर ओहमचा एक छोटा रोध लावतात. तो लावला. पोळं कायम.

"मामा, हे आपल्याच घरातलंय," तो म्हणाला. "एलईडी बल्ब, चार्जर, शेजारचा इन्व्हर्टर. ज्याला बारीक ऐकू येतंय त्याला कचराबी ऐकू येतोय."

हे उच्च प्रतिबाधेचं दुखणं. कुणाकडूनही काही न घेता सगळ्यांचं ऐकणारा माणूस भेटला, की गावातले सगळे बल्ब येऊन त्याच्या कानात बोलतात. आम्ही घरातले बल्ब घालवले; शेजाऱ्यांना सांगायची सोय नव्हती. परळी वैजनाथ ज्योतिर्लिंगासाठी आणि औष्णिक वीज केंद्रासाठी प्रसिद्ध. वैजनाथाचा प्रसाद वर्षातून एकदा मिळतो, ह्या दुसऱ्या देवस्थानाचा गुणगुणाट बारा महिने.

आणि रात्री साडेनऊला लाइट गेली.

एरवी लाइट गेल्यावर आमच्या गल्लीतून जो सामुदायिक उद्गार निघतो तो निघाला. पण आमच्या घरात पोळं एकदम विझलं. आणि त्या शांततेत, अंधारात, त्या ॲल्युमिनियमच्या दांडीतून एक एक जण बोलायला लागला. कुठली तरी चिनी बाई. मग अरबी वाटणारी भाषा. मग कुणी तरी एकटाच टिक-टिक-टिक करत मोर्समध्ये काहीतरी सांगत होता. खालच्या पट्टीतलेही तितकेच स्पष्ट, वरच्या पट्टीतलेही. ही मेणबत्ती घेऊन आली आणि उभीच राहिली. आम्ही तिघं एवढ्या लांबच्या माणसांचं बोलणं ऐकत बसलो. कळत एकाचंही नव्हतं आणि उठवत कुणालाच नव्हतं. वीज मंडळाला मनापासून धन्यवाद दिल्याची माझ्या आयुष्यातली ती एकमेव रात्र.

बीडजवळ खजाना विहीर आहे, निजामशाहीच्या काळातली. जमिनीखालच्या कालव्यांनी तिचं पाणी शेतांकडे जातं, आणि कितीही पाणी गेलं तरी तिची पातळी ढळत नाही, असं लोक सांगतात. भाच्याला मी म्हणालो, तुझ्या बफरचं बाहेरचं तोंड तसंच दिसतंय. कितीही ओढा, व्होल्टेज तेवढंच.

"हो," तो खूष झाला. "तसंच."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बफर बंद. रात्री उत्साहात तो चालूच राहिला होता आणि नऊ व्होल्टची बॅटरी सकाळपर्यंत मेली होती.

"हे असं होतंय," भाचा बॅटरी हातात फिरवत म्हणाला. "काठीकडून तो काही घेत नाही. मग रेडिओला देतो ते कुठून? सगळं ह्यातून. स्वतःच्या गाठीचं. आपलं तिकडं ध्यानच जात नाही, कारण सर्किट काढताना बॅटरी कोपऱ्यात काढत्यात."

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे. भाचा आणि त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. दाजींनी विहिरीसाठी साठवलेले पैसे पोराच्या फीला दिले आणि पोरगा दिवाळीत म्हणाला, मी परत शेतात येणार नाही. त्यात चूक कुणाची, हे मी ठरवायला बसलेलो नाही; दोघंही आपापल्या जागी बरोबर असले की भांडण फार टिकतं. पण मधे ताई होती. दर दोन दिवसांनी फोन. "बाबा म्हणतात, पैसे पाठवलेत, मोजून घे." "त्यांना सांग, मिळाले." "बाबा म्हणतात, जेवतो का वेळेवर." "सांग, जेवतो." ना तिने दाजींचा राग गाळला, ना पोराच्या बोलण्याला साखर लावली. एकास एक. त्यामुळेच तर इतका अबोला असूनही दोघं एकमेकांचे शब्द खरे मानत होते. आणि सहा महिन्यांत आम्ही कुणीच, मी धरून, तिला विचारलं नव्हतं की बाई, तू बोलतेस ते कुठल्या बॅटरीवर.

रविवारी मी फोन लावला. तिने सवयीने सुरुवात केली, "अरे, हे म्हणतात की..."

"दाजींचं राहू दे. पोराचंही राहू दे. तू बोल."

"मी काय बोलू?"

मी काही बोललो नाही. काउंटरवर वीस वर्षांत हे एक शिकलोय; थांबलं की माणूस बोलतो. आणि ती बोलली. गुडघा. म्हैस दूध चोरते. शेजारणीची सून चांगली आहे, पण शेजारीण नाही. रात्री झोप येत नाही. दोघांचंही बरोबर वाटतं आणि दोघांचाही राग येतो. गच्चीवरचा ॲन्टेना तुझा भाच्याने कापला म्हणे, कापू द्यायला नको होतास. मग परत गुडघा. मी फक्त 'हं' म्हणत होतो. भाचा समोर बसून सोल्डर करत होता. गुडघा दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने बंदूक खाली ठेवली आणि हात पुढे केला. मी फोन त्याला दिला.

"आई, बाबांना काय सांगायचं न्हाई आज. गुडघ्याचं सांग. कवापासून दुखतंय?"

नंतर दाजींशी तो बोलला की नाही, ते त्यांचं ते जाणोत. फोन माझ्याकडे परत आला तेव्हा तव्यासारखा तापला होता आणि चार्जिंग चार टक्क्यांवर आलं होतं. ही स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली.

"काय म्हणाल्या हो ताई?"

मी तिला सगळं सांगितलं. ताई पाऊण तास बोलली होती. मला सांगायलाही पाऊण तासच लागला.